खुलून दिसतं

१० जानेवारी २००५, सोमवार

बाबा दरवर्षी नागपूरहून दुकानाची डायरी पाठवतात आणि मी दरवर्षी तिच्यात वाणसामानाची यादी लिहिते. या वर्षी जरा बरं काहीतरी लिहीन म्हणते, कारण आजपासून मी कामाला लागले! म्हणजे, काम नाही. नवऱ्याच्या व्हिसावर आलेल्या बाईला या देशात नोकरी करता येत नाही. फुकट राबता येतं, त्याला व्हॉलंटिअर म्हणतात.

चार वर्षं झाली अमेरिकेत, ॲन आर्बरला येऊन. परीक्षितची पीएचडी संपत आली आणि माझं दोन खोल्यांत येरझारा घालणं काही संपेना. शेवटी वरच्या मजल्यावरची रुचा वैतागली. ती इथे कलाविभागात शिकते. म्हणाली, "कांचन, आमच्याकडे एक फ्रेंच बाई आहेत, फिल्ममेकर. त्यांना हाताखाली माणूस हवंय. तू जा ना यार. नाहीतर एक दिवस तू परीक्षितला खाशील."

तर बाईंचं नाव ओदिल लगारेक. वय एकोणसत्तर. केस पांढरे, कापलेले, पायात पुरुषी बूट. या बाई कॅमेऱ्याशिवाय सिनेमा काढतात. कोरी फिल्म घ्यायची आणि तिच्यावर थेट शाईने रंगवायचं, सुईने ओरखडायचं. एक चौकट माझ्या करंगळीच्या नखाएवढी. अशा चोवीस चौकटी रंगवल्या की पडद्यावर एक सेकंद! मी म्हटलं बाप्पा, एवढ्यात तर माझी गव्हाची कणीक मळून पोळ्याही होतील.

चाळीस वर्षांत त्यांनी तेवीस सिनेमे केलेत, सगळे छोटे. त्या सगळ्यांचा कार्यक्रम १९ मार्चला विद्यापीठाच्या हॉलमध्ये आहे आणि त्यात एक नवा सिनेमाही दाखवायचाय. दहा वर्षांनी पहिला. तो अजून जेमतेम सुरू झालाय.

"तो झाला नाही," बाई म्हणाल्या, "तर तो कार्यक्रम म्हणजे माझी शोकसभा. फक्त मी पहिल्या रांगेत बसलेली असेन."

मी "मादाम" म्हटलं तर म्हणाल्या, ओदिल म्हण. एकोणसत्तर वर्षांच्या बाईला नावाने हाक? जीभ वळत नाही. तोंडावर मादामच म्हणेन, इथे ओदिलकाकू.

एक गोष्ट मात्र खटकली. माझ्याशी बोलताना त्या माझ्या कानाकडे बघतात. तोंडाकडे बघायची माझी लायकी नाही की काय?

१२ जानेवारी, बुधवार

जुन्या फिल्मचे डबे खोलायचे, फिल्म खालून दिवा असलेल्या लाइट टेबलवर पसरायची आणि कुठल्या डब्यात काय आहे ते लिहायचं, हे माझं काम. ओदिलकाकू शेजारी खुर्चीवर बसतात, हात मांडीवर. फिल्म त्यांचीच, तरी मला विचारतात, "सांग, काय दिसतं?" परीक्षाच.

मी म्हटलं, पिंक.

"कुठला पिंक?"

म्हटलं, डार्क पिंक.

"डार्क पिंक हे काय उत्तर झालं?" अशा कडाडल्या! मग मीही चिडले. नागपूरच्या इतवारीतल्या साडीच्या दुकानात वाढलेली मुलगी मी, मला रंग शिकवता? सरळ मराठीत सुरू केलं. हा राणी. हा गुलबक्षी. हा इथे अबोली होत जातो, मग डाळिंबी, आणि कडेला आमसुली. हा निळा नाही, चिंतामणी. त्याच्या पुढचा मोरपंखी.

मग म्हणाल्या, "परत म्हण." मी परत म्हटलं. त्यांनी प्रत्येक शब्द तोंडात घोळवला आणि म्हणाल्या, डब्यांवर हेच लिहायचं, तुझ्या लिपीत. आता उघडलेल्या डब्यांवर पांढऱ्या पट्टीवर माझं बाळबोध अक्षर आहे. विद्यापीठवाले काय वाचणार आहेत कोण जाणे.

पहिला डबा १९६४चा. तेव्हा त्या पॅरिसमधल्या एका लॅबमध्ये फिल्म जोडायचं काम करायच्या. "पुरुष सिनेमे काढायचे, आम्ही बायका ते चिकटवायचो," म्हणाल्या. फेकायच्या तुकड्यांवर त्यांनी घरी नेऊन रंगकाम केलं. पुढे लोकांनी नावाजलं, पण त्यांच्या बरोबरीच्या पुरुषांइतकं नाही. मग अमेरिका, या कॉलेजात दोन वर्षं, त्या कॉलेजात तीन. १९९५पासून डबाच नाही. दहा वर्षं काही केलं नाही! काहून, ते विचारायचं धाडस झालं नाही. आळस, दुसरं काय.

१४ जानेवारी, शुक्रवार. संक्रांत

तिळगूळ घेऊन गेले. "गोड बोला" याचा अर्थ सांगितला, तर म्हणाल्या, "वर्षभर? भयंकर आहे."

त्या जेवायला गेल्या तेव्हा मी त्यांचं टेबल लख्ख केलं. शाईच्या सहा बाटल्या, चिकट, बुडाशी थर. प्रत्येकीच्या गळ्यात रबरबँड. एकीला एक, एकीला दोन, असं करत सहापर्यंत. फ्रेंच फॅशन असेल, किंवा झाकण गळू नये म्हणून. रबरं तर इतकी कुजलेली की हात लावला की तुटत होती. सगळी काढून फेकली, बाटल्या बाहेरून धुतल्या. माझ्याकडे कोथिंबिरीच्या जुड्यांचे रबरबँड कायम पर्समध्ये असतातच, आपण थोडेच टाकतो! बाटल्या दुकानात कापडाचे तागे लावतो तशा लावल्या, फिक्यापासून गडदाकडे. पिवळी, केशरी, लाल, हिरवी, निळी, काळी. त्याच क्रमाने एक ते सहा रबरबँड. आधीची रांग अगदीच गबाळी होती.

परत आल्यावर त्यांनी बाटल्या चाचपल्या. "हे रबर बदललंस?"

"जुने तुटले होते."

"पण तसेच आहेत ना? जसे होते तसे?"

"हो हो, अगदी तस्सेच." मोजायला लागल्या होत्या, मग थांबल्या. थँक्यूसुद्धा म्हणाल्या नाहीत, एवढ्या घासल्या तरी.

१८ जानेवारी, मंगळवार

अंगाचा तिळपापड झालाय. आज बसस्टॉपवर ओदिलकाकू समोर उभ्या, चार पावलांवर. मी हात केला, हसले. बाईंनी ओळख दाखवली नाही! दगडासारख्या उभ्या. जवळ जाऊन "गुड मॉर्निंग, मादाम" म्हटलं तेव्हा एकदम गोड. "अरे, कांचन! ही बस कितीची?" बसच्या कपाळावर हाताएवढा आकडा आहे. एवढी वर्षं या गावात राहून बसचा नंबर माहीत नाही. काही लोकांना दुसऱ्याकडून कामं करून घ्यायची सवयच असते.

परीक्षितला सांगितलं तर म्हणाला, "आर्टिस्ट आहेत, असणारच तसं." त्याला सगळं असणारच असतं.

२७ जानेवारी, गुरुवार

बर्फ गुडघ्यापर्यंत. बस चाळीस मिनिटं उशिरा, पण गेले. घरी बसले की नुसती घालमेल होते. कपाटं लावते, परत काढते, परत लावते.

नव्या फिल्मचं काम आता जोरात आहे. मी जाण्याआधी त्यांनी थोडीशी केली होती, ती रिळाच्या सुरुवातीला आहे. विषय त्यांच्या गावची सकाळ. फ्रान्समध्ये ब्रिटनीत समुद्रकाठी, अंधारातून हळूहळू उजाडतं ते. चाळीस मिनिटांची करायचीय म्हणतात. कार्यक्रमाच्या पत्रिकेतही तसं छापून गेलंय. म्हणून एकेक चौकट न रंगवता लांबच लांब पट्टे ओढतात. काम करताना डोळे चक्क खिडकीकडे! डाव्या हाताच्या नखाने फिल्मच्या कडेची भोकं मोजायची, उजव्या हाताने बाटली चाचपायची, ब्रश बुडवायचा, रंगवायचं. मला दाखवायला करतात, आपल्याला न बघता येतं म्हणून.

"कसं दिसतं?" त्यांनी विचारलं. "सकाळ होते का?"

मी वाकून बघितलं. हिरवट, मळकट काहीतरी होतं. पण तोंडातून आपोआप निघालं, "खुलून दिसतं."

बाबांचं वाक्य आहे ते. दुकानात गिऱ्हाईक साडी खांद्यावर टाकून आरशासमोर उभं राहिलं की बाबा म्हणायचे, "ताई, खुलून दिसतं तुम्हाला." कुणालाही, कुठलाही रंग. आम्हा भावंडांना सक्त ताकीद होती, गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. हिरमुसलं की उठून समोरच्या दुकानात जातं. सातवीत असताना मी एका बाईला म्हटलं होतं, काकू, यात तुम्ही आजारी दिसता. घरी गेल्यावर असा मार खाल्ला की विचारू नका.

ओदिलकाकूंचा चेहरा मात्र खरंच खुलला. दोन्ही हात एकमेकांवर चोळले आणि पुढचा तुकडा ओढला.

५ फेब्रुवारी, शनिवार

परीक्षितला पार पश्चिम टोकाच्या रेडमंडमधल्या त्या मोठ्या सॉफ्टवेअर कंपनीची ऑफर आली! जूनमध्ये जॉइन व्हायचं. स्वयंपाकघरातच नाचला. आईंना पुण्याला फोन, मित्रांना फोन. मग कॉम्प्युटरवर अपार्टमेंटचे फोटो दाखवत बसला. वॉशर-ड्रायर घरात, बाल्कनी, समोर झाडं. पाऊस फार असतो म्हणे, पण बर्फ नाही.

"कसं आहे?"

"छान आहे."

"खरंच ना?"

"छानच आहे की."

छानच आहे. नंतर मी सबंध फ्रीज रिकामा करून पुसला.

१४ फेब्रुवारी, सोमवार

मला वाटतं, फिल्म बिघडतेय. इथे लिहायला काय जातंय. सुरुवातीचा छोटासा तुकडा सोडला तर पुढे सगळं मातकट, शेवाळी, मध्येच शेणकट. आतापर्यंत उघडलेल्या जुन्या डब्यांत अशी एकही चौकट नाही. तिथे रंग कसे, एकेक बोट लावून बघावं असे.

पण मी कोण सांगणारी? बी.कॉम. सेकंड क्लास. रुचाला हळूच विचारलं. ती म्हणाली, "एक्स्पेरिमेंटल आहे अगं. आर्टिस्ट लोक वय झालं की मुद्दाम सगळं डार्क करतात." असेल बापा. आपल्याला काय कळतंय.

आजही विचारलं, "सकाळ होते का?" म्हटलं, "हो, मस्त उजाडलंय." मग बस चुकली म्हणून दोन स्टॉप चालत आले. थंडीने कान गेले पण डोकं काही शांत झालं नाही.

२४ फेब्रुवारी, गुरुवार

ओदिलकाकू तीन दिवस आल्या नाहीत. डोळ्यांच्या डॉक्टरकडे डेट्रॉइटला गेल्या होत्या. नंबर वाढला असेल. पण आज आल्या तर नवा चष्मा नाहीच, उलट जुनाही नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, "आता त्याचा उपयोग नाही." एवढ्या लांब जाऊन नुसतंच परत! आपल्याकडे डॉक्टरने दोन औषधं तरी दिली असती.

चहा केला. त्यांनी कपाच्या शेजारी साखर घातली, टेबलावर. मी पुसून घेतली. कामाच्या ताणाने होतं असं. नंतर अख्खा दिवस त्या वेड्यासारख्या रंगवत होत्या. मध्ये एकदाच म्हणाल्या, "तू आहेस म्हणून हे होतंय, कांचन. तुझे डोळे चांगले आहेत."

मला इतकं बरं वाटलं. चार वर्षांत या देशात मला कुणी असं काही म्हटलं नव्हतं.

८ मार्च, मंगळवार. महाशिवरात्र

उपास होता, साबुदाण्याची खिचडी डब्यात तशीच राहिली.

आज नवी फिल्म पहिल्यांदा पडद्यावर लावून बघायची होती. विभागातले मार्टिन, जे कार्यक्रम बघतात, ते आले. पहिले काही क्षण काय सुंदर! मी श्वास रोखून बघत होते. काळसर चिंतामणी, त्यातून एक केशरी रेघ वर सरकते. आणि मग चिखल. चाळीस मिनिटं चिखल. दिवे लागले तेव्हा मार्टिन सभ्यपणे म्हणाले, "धाडसी आहे, ओदिल. इतका ब्राऊन तुम्ही कधीच वापरला नव्हता."

"ब्राऊन?"

मार्टिनना वाटलं, बोलण्यात चूक झाली. काहीतरी सावरासावर करून ते गेले. ओदिलकाकू उठल्या, भिंतीला हात लावत टेबलाशी गेल्या आणि एक बाटली चाचपली.

"एक रबरबँड. यात कुठला रंग आहे?"

"पिवळा."

"लाल असायला हवा. दोन?"

"केशरी."

"निळा. तीन?" त्यांचा आवाज खाली खाली गेला. "राहू दे."

मला तेव्हा कळलं. त्या माझ्या कानाकडे का बघायच्या, बसचा नंबर का विचारायच्या, सगळं एकदम. त्यांना समोरचं दिसतच नाही. कडेचं थोडं दिसायचं, आता तेही गेलं. आणि मी बाटल्या धुऊन, नटवून, दुकानासारख्या लावून ठेवल्या.

"मादाम, मला माहीत नव्हतं हो," मी रडायलाच लागले. "मी साफ करायला गेले. देवाशपथ माहीत नव्हतं."

"मला दिसत नाही हे तुला माहीत नव्हतं. ते मीच लपवलं, त्याचा राग नाही." त्या खुर्चीवर बसल्या. "पण तुला तर दिसत होतं ना? दोन महिने तुला रोज दिसत होतं. घरी जा."

९ मार्च, बुधवार

गेले नाही. जाऊ कुठल्या तोंडाने?

परीक्षितला सांगितलं. तो म्हणाला, "तुझी चूक नाही, त्यांनी आधी सांगायला हवं होतं. तू व्हॉलंटिअर आहेस, त्यांना तुझ्यावर केस वगैरे नाही करता येणार." मी म्हटलं, तू आता गप्प बस. चार वर्षांत पहिल्यांदा असं म्हटलं मी त्याला.

दिवसभर स्वतःला विचारतेय. घाण दिसत होतं, मग का म्हटलं खुलून दिसतं? त्यांना बरं वाटावं म्हणून? खोटं. त्या हिरमुसल्या असत्या तर मला उद्यापासून येऊ नको म्हटलं असतं, त्याची भीती. उठून समोरच्या दुकानात गेल्या असत्या.

१० मार्च, गुरुवार

सकाळीच गेले. दार उघडंच होतं. बाटल्या मी चुकीच्या लावल्या आहेत, आता बरोबर लावून देते, हवं तर तुम्ही सांगा तसं मी रंगवते, नऊ दिवस आहेत, असं सगळं एका दमात म्हणून टाकलं.

"तू रंगवलंस तर ती तुझी फिल्म होईल," त्या म्हणाल्या. "आणि मला आता नाही जमायचं. जानेवारीत कडेकडेने दिसत होतं थोडं. फेब्रुवारी मी आठवणीतून रंगवला." समोरचा ब्रश दूर सरकवला. "मार्टिनला फोन करून नवी फिल्म काढून टाक म्हणणार होते. कार्यक्रम तेवीसवरच संपेल."

मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "सगळी वाईट नाहीये."

"गोड बोलू नकोस."

"गोड नाही बोलत. बहुतेक सगळी वाईट आहे. सगळी नाही."

त्यांनी मान वळवली. मग टेबलाच्या बाजूची खुर्ची पायाने माझ्याकडे सरकवली. "बस. पहिल्यापासून. हातभर फिल्म पुढे ओढायची आणि खरं सांगायचं. खुलून-बिलून काही नको."

१३ मार्च, रविवार

तीन दिवस तेच. हातभर ओढायची, बघायचं, बोलायचं. पहिल्या दिवशी जीभ रेटत नव्हती. "हे... तितकंसं..." म्हटलं की टेबलावर थाप पडायची. दुसऱ्या दिवशी म्हणायला लागले, वाईट. हेही वाईट. हे मातकट. हे शेणाने सारवल्यासारखं. हे सगळ्यांत वाईट! ओदिलकाकू एकदा खो-खो हसल्या. एकदा उठून बाहेर गेल्या आणि बराच वेळ आल्या नाहीत. आल्या तेव्हा नाक लाल होतं. मी विचारलं नाही, त्यांनीही सांगितलं नाही, पण मी "थांबू या का" असंही म्हटलं नाही. "पुढचं?" एवढंच त्या म्हणाल्या.

आज मोजलं. मी बाटल्या धुण्याआधी केलेला तुकडा तेवढाच खरा. दोनशे चौसष्ट चौकटी. एकेक करून सांगितल्या त्यांना. इथे काळा, इथे वांगी, इथे चिंतामणी, इथे कडेला अबोली लागायला लागतो, इथे केशरी फुटतो.

"अकरा सेकंद," त्या म्हणाल्या.

"हो."

"मग फिल्म अकरा सेकंदांची आहे."

उरलेली चाळीस मिनिटं मी माझ्या हाताने कापली. त्यांनी शेवटी नावं घालायला सांगितली, त्यात माझंही घालणार होत्या. मी म्हटलं, नको. कशाबद्दल घालायचं? त्यांनी आग्रह केला नाही.

२० मार्च, रविवार

काल दुपारी कार्यक्रम झाला. सगळं लिहून काढते, नाहीतर स्वस्थ बसवायचं नाही.

हॉल भरला होता. तेवीस सिनेमे, मध्ये दोनदा चहा. परीक्षित आणि रुचाही आले होते. परीक्षितला वाटलं झोप येईल, पण तो डोळे फाडून बघत होता. मी ओदिलकाकूंच्या शेजारी, पहिल्या रांगेत. त्यांनी माझं मनगट धरून ठेवलं होतं आणि प्रत्येक सिनेमाला मी कानात सांगत होते. राणी. लिंबू. आमसुली. मागच्या बाईने दोनदा शुक् केलं.

शेवटी नवा. सुरू झाला आणि संपला. लोक तसेच बसून, त्यांना वाटलं मशीन बंद पडलं. मग दिवे लागले, कुजबुज. मार्टिननी ओदिलकाकूंना मंचावर नेलं. एका माणसाने उभं राहून विचारलं, पत्रिकेत तर चाळीस मिनिटं छापलंय, बाकीची कुठे आहे?

ओदिलकाकूंनी माइक हातात धरला. आधी म्हणाल्या, मला दिसत नाही. असंच, सरळ. मग म्हणाल्या, "नवीन फिल्म मी नीट बघितलेली नाही. हिने बघितलीय. तिला विचारा." आणि माइक माझ्या दिशेने पुढे केला, थोडा डावीकडे.

दोनशे माणसं. मंचावर गेले, माइक घेतला. काय काय सांगता आलं असतं! थोडक्यात गोडी म्हणा, कलावंताचा निर्णय म्हणा. बाबा इथे असते तर म्हणाले असते, साहेब, अकरा सेकंदच तुम्हाला शोभतात.

म्हटलं, "बाकीची वाईट होती. माझ्यामुळे बिघडली. मी शाईच्या बाटल्यांची खूण बदलली आणि त्यांनी विचारलं तेव्हा तस्सेच आहेत म्हणून सांगितलं. नंतर रंग बिघडलेला दिसत होता, तरी दोन महिने छान आहे म्हणत राहिले. हे अकरा सेकंद चांगले आहेत. हे मी खरं सांगतेय."

काही लोक हसले, त्यांना गंमत वाटली. ओदिलकाकू हसल्या नाहीत. माझा हात शोधला, दाबला आणि माइकमध्ये म्हणाल्या, "परत लावा." परत लावली. मग लोकच म्हणाले, परत. पाच वेळा लावली. पाचव्यांदा मी काही सांगितलं नाही, त्या स्वतःच म्हणत होत्या, वांगी, चिंतामणी, अबोली, बरोब्बर त्या त्या क्षणाला.

निघताना त्या म्हणाल्या, "डब्यांचं काम अजून अर्धं आहे. सोमवारी येशील?" मी म्हटलं, येईन.

गाडीत परीक्षित भारी खुशीत. "काय बोललीस यार तू! मला तर टेन्शनच आलं होतं. बरं ऐक, त्या रेडमंडच्या अपार्टमेंटवाल्याचा परत मेल आलाय. उद्या फायनल करून टाकू ना? तुला आवडलंय ना ते?"

"नाही."

"म्हणजे दुसरं बघू?"

"म्हणजे मला जूनमध्ये तिकडे यायचंच नाहीये, परीक्षित. तू जा. मला इथे काम आहे."

आमच्या घराचं वळण आलं आणि गाडी तशीच सरळ पुढे गेली.